दोन हजार लवकर दिले, जास्तीचे नाही दिले

मा. संपादक,
स.न.वि.वि.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये शेतकऱ्यांना सरकारने दोन-दोन हजार दिले असं टीव्हीवर सारखं सांगतात, म्हणून आमच्या यवतमाळ जिल्ह्यातून लिहितोय. ते 2000 नवीन नाहीत हो. केंद्राच्या पीएम किसान योजनेचे वर्षाचे 6000 तीन हप्त्यात मिळतात हे 2019 पासूनच चालू आहे, एप्रिल ते जुलैचा हप्ता तसाही येणारच होता, 26 मार्चला अर्थमंत्र्यांनी सांगितलं की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच टाकतो, बस एवढंच. लवकर टाकला ते चांगलंच केलं, बाजार बंद होते तेव्हा किराण्याला कामी आला. पण 6000 चे 8000 कोणाचेच झाले नाहीत, मग त्याला कोरोनाची मदत कशाला म्हणायचं?

बरं तो हप्ता तरी कोणाला, तर 1 फेब्रुवारी 2019 ला ज्याच्या नावावर जमीन होती त्याला. आमच्याकडे कितीतरी लोक मक्त्याने (ठरलेलं भाडं देऊन) नाहीतर बटईने (पीक वाटून घेऊन) दुसऱ्याचं वावर करतात. माझी स्वतःची 3 एकर, बाकी 5 एकर मक्त्याची. मक्त्याचे पैसे पाडव्याला द्यायची रीत आहे आणि त्या वर्षी पाडवा आला 25 मार्चला, म्हणजे लॉकडाऊनचा पहिलाच दिवस. एकरी दहा हजार ठरले होते, ते उसने आणून दिले कारण कापूस घरातच पडून होता. सीसीआयची, म्हणजे केंद्राच्या कापूस महामंडळाची खरेदी बंद, मग सुरू झाली तर नोंदणी करा, मेसेजची वाट बघा, दिवसाला मोजक्याच गाड्या घेणार. हमीभाव तेव्हा क्विंटलला 5550 आणि दारात येणारा व्यापारी म्हणेल तो भाव. मे महिन्यात दोनपैकी एक खोली आढ्यापर्यंत कापसाने भरलेली, लेकरं रात्रभर अंग खाजवत बसायची, झोप नाही.

त्या 5 एकराचे 2000 मालकाच्या खात्यात गेले. त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, नियमच तसा आहे. पण आमच्या शेजारच्या वहिनी बघा, नवरा गेला, जमीन दिराच्या नावावर, त्या दुसऱ्याचं वावर मक्त्याने करतात, त्यांना फक्त जनधन खात्यात महिन्याला 500 आले, तेही तीनच महिने. बीटी कापसाच्या बियाण्याचं एक पाकीट 2020 ला 730 ला होतं, एकराला दोन लागतात. म्हणजे 2000 मध्ये दीड एकराचंही बी होत नव्हतं, खत-फवारणी तर लांबच. केंद्राचं 20 लाख कोटींचं कोरोना पॅकेज म्हणाल तर त्यात शेतकऱ्याला बहुतेक कर्जच होतं आणि सातबारा नसला की बँक दारात उभं करत नाही. कर्जमाफीत अडकलेल्यांनाही नवीन पीककर्ज द्या असं राज्य सरकारने मे महिन्यात सांगितलं, आमच्या बँकेत म्हणाले वरून पत्र नाही.

करणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावरच्या पीकपेऱ्यात लागू शकतं, पण कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर कायद्याने हक्क सांगेल, या भीतीने मालक लावू देत नाही, आणि ती भीती खोटी नाही. पैनगंगेपलीकडे तेलंगणात 2020 ला एकरी 5000 हंगामाला मिळत होते, तिथेही मालकालाच. आंध्रात मात्र तेव्हा रयतु भरोसा योजनेत दुसऱ्याची जमीन कसणारे मागास समाजाचे लोकही घेतले होते, त्यांना वर्षाला 13500. मग आपल्याला काय अडचण आहे? कोणाचं वावर कोण करतो हे तलाठ्याला, कृषी सहायकाला, अख्ख्या गावाला माहीत असतं. ग्रामपंचायतीत यादी लावा, या यादीवरून कुळाचा हक्क लागणार नाही असं जीआरमध्ये स्पष्ट लिहा, आणि पीएम किसान सोडून वेगळे पैसे पेरलेल्या एकरावर, कसणाऱ्याच्या खात्यात टाका. आणि ते पेरणी झाली की लगेच टाका, डवरणी, युरिया, निंदणाची मजुरी सगळं पेरणीनंतरच्या दोन महिन्यांत लागतं, दिवाळीला दिले तर ते सावकाराच्या व्याजात जातील.

आपला,
एक कापूस उत्पादक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ