धुराच्या त्या दोन आठवड्यांबद्दल काकांस आभाराचे पत्र

फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया
२४ नोव्हेंबर २०१८

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

पाऊस येऊन तीन दिवस झाले, घराच्या खिडक्या उघड्या आहेत आणि आज सकाळी सासूबाई अंगणात फेऱ्या मारून आल्या. समोर आभार मानू लागले की आपण "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

पाडव्याच्या दिवशी, ८ नोव्हेंबरला, उत्तर कॅलिफोर्नियातल्या पॅराडाइझ गावाजवळ वणवा पेटला आणि सुमारे दीडशे मैलांवरच्या आपल्या गल्लीत त्याचा धूर उतरला. आम्ही दारे-खिडक्या लावून घेतल्या आणि तेवढे पुरेसे आहे असे समजलो. भाऊबीजेला मात्र सासूबाईंना दम्याचा पंप तीनदा घ्यावा लागला, तेव्हा घाबरून मी आपल्याला फोन केला. आपला पहिला प्रश्न होता, "शेगडीवरचा एक्झॉस्ट चालू आहे का?" चकल्या तळायच्या म्हणून तो मी सकाळपासून चालू ठेवला होता. तो जितकी हवा बाहेर फेकतो तितकीच बाहेरची धुराची हवा दारांच्या फटींतून आत ओढली जाते, आणि तळणाचा धूर त्यात भर घालतो, हे आपण समजावलेत तेव्हा काळजात चर्र झाले. सासूबाईंचा त्रास मीच वाढवत होते.

त्याच संध्याकाळी आपण चौकोनी पंखा, धुराचे बारीक कण अडवणारा मर्व्ह १३ दर्जाचा फिल्टर आणि चिकटपट्टी घेऊन आलात. फिल्टरवरचा बाण हवेच्या दिशेने ठेवून तो पंख्याच्या मागच्या बाजूला बसवलात, सासूबाईंच्या खोलीच्या दाराखाली ओला टॉवेल लावलात आणि सगळे घर सांभाळण्यापेक्षा ही एक खोली नीट सांभाळा, पंखा मात्र कोणी जागे असेल तेव्हाच चालवा, असे बजावलेत. दुकानांत एन-९५ मास्क मिळेनासे झाले होते. आपण स्वतःजवळचे चार दिलेत.

देवापुढचा दिवा आणि उदबत्ती बंद करा, हे सासूबाईंना मी सांगू शकले नसते. आपण त्यांच्याजवळ बसून, "वहिनी, यंदा फुलं वाहू या, देव समजून घेईल," म्हणालात आणि त्यांनी ते ऐकले. त्यांचा मान राखून केलेली ती विनंती मी विसरणार नाही.

१६ तारखेला आपल्या बे एरियातील, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, अनेक शाळा बंद राहिल्या, मुले घरात कंटाळून रडकुंडीला आली, तरी सकाळ-संध्याकाळ आपला फोन येत राहिला. पांढरा फिल्टर करडा झाला तो बदलताना आपण क्षणभर थांबलात आणि म्हणालात, "ह्यात कुणाची तरी घरं आहेत." तिकडे ऐंशीहून अधिक माणसे गेली. मुलांनी आपल्या खाऊचे पैसे तिकडच्या लोकांसाठी द्यायचे ठरवले, ते आपले ते वाक्य ऐकूनच.

सासूबाई पुढच्या आठवड्यात सांगलीला परतत आहेत. चकल्यांचे अर्धे पीठ भिजवायचे राहिले होते, ते त्या उद्या भिजवणार आहेत. काकूंना घेऊन संध्याकाळी जेवायलाच या.

आपली कृतज्ञ,
शेजारीण