शमुवेल म्हणजे ‘देवाने ऐकले’ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बाळांच्या नावांच्या याद्यांत शमुवेल या बायबलातल्या संदेष्ट्याच्या नावापुढे ‘देवाने ऐकले’ असा अर्थ सर्रास छापला जातो. नाशिकच्या शरणपूर या जुन्या ख्रिस्ती वस्तीला तरी हे नाव परके नाही, म्हणून हा खुलासा.

हिब्रूत या नावाची अक्षरे पाच : शीन, मेम, वाव, आलेफ, लामेद. ‘ऐकणे’ हा धातू मात्र शीन-मेम-आयिन असा आहे. आयिन हे घशातून काढायचे व्यंजन. ते शमुवेलमध्ये नाहीच, आणि धातूतले व्यंजन असे सहजी गळत नाही. ‘देव ऐकतो’ हा अर्थ खरा इश्माएलचा. तिथे आयिन जागच्या जागी आहे. आपल्याकडचा इस्माईल तो हाच. शमुवेलमधला ‘शेम’ म्हणजे नाव आणि ‘एल’ म्हणजे देव; म्हणून ‘देवाचे नाव’. मधल्या ‘ऊ’चा अर्थ ‘त्याचे’ असा घेतला तर ‘त्याचे नाव एल’.

गोंधळाचे मूळ बायबलातल्या ‘१ शमुवेल’ या पुस्तकाच्या अध्याय १ मध्ये आहे. शमुवेलची आई हन्ना हिने मूल मागितले, देवाने ऐकले, हे सगळ्यांना पाठ. पण विसाव्या वचनात ती नावाचे कारण सांगते ते ‘मागितले’ म्हणून, ‘ऐकले’ म्हणून नव्हे! ‘मागणे’ म्हणजे शाअल. १७, २०, २७ आणि २८ या चार वचनांत हा धातू सात वेळा येतो, आणि शेवटी तर ‘हू शाऊल’ (तो मागितलेला) असे शब्द आहेत. शाऊल म्हणजे आपल्या बायबलातला शौल राजा. व्युत्पत्ती शौलाची, बारसे शमुवेलचे! हा श्लेष आहे, व्याकरण नव्हे.

लेखनाचे म्हणाल तर ग्रीकमध्ये ‘श’ नाही, त्यामुळे तिथे ‘स’ झाला आणि लॅटिनमार्गे इंग्रजीत सॅम्युएल आला. मराठी बायबलने ‘श’ राखला, हे उत्तमच. ‘व’ मात्र आपला : अनु + एषण = अन्वेषण होते, त्याच जातीची जिभेची सवय. कोकणातल्या बेने इस्राएलांनी, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंनी, तर शमुवेलचा सरळ सामाजी केला. मुंबईतले १७९६ चे सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर ते हेच शमुवेल.

जन्मनोंदीत बाळाचे नाव बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येते. तेवढ्यात देवनागरी आणि रोमन दोन्ही लेखन ठरवून बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतही तेच उतरवावे. दाखल्यावर शमुवेल आणि आधारवर सॅम्युअल झाले, की राजपत्रापर्यंत फेऱ्या माराव्या लागू शकतात.

— एक वाचक, नाशिक