संगणकवर्गात मराठी पानही लिहायला शिकवा

मा. संपादक,

दहावीची परीक्षा आटोपली की सांगली-मिरजेतील मुले संगणकवर्गांची वाट धरतात. माझी नातही यंदा अशाच एका वर्गातून एचटीएमएल, म्हणजे वेबपान लिहिण्याची भाषा, शिकून आली. तिची वही चाळली, तर पहिल्या पानापासून अक्षरांचे रूप ठरवणारा फॉन्ट, मजकूर मध्यभागी आणणारा सेंटर आणि मजकूर सरकता ठेवणारा मार्की या टॅगांचीच, म्हणजे पानात लिहायच्या खुणांचीच, रेलचेल. यांपैकी फॉन्ट आणि सेंटर हे टॅग १९९७ च्या एचटीएमएल ४ मध्येच टाळण्याजोगे ठरवले गेले होते. रंग, आकार व मांडणी सीएसएस या पानाची सजावट सांगणाऱ्या वेगळ्या भाषेने पाहावी आणि मथळा कोणता, परिच्छेद कोणता, तक्ता कोणता एवढेच एचटीएमएलने सांगावे, ही वाटणी तेव्हापासूनची आहे. ती पहिल्याच दिवशी सांगायला हवी. मार्की तर कोणत्याही प्रमाणित आवृत्तीने वापरण्याजोगा कधी मानलाच नव्हता.

वहीतले सारे नमुने इंग्रजी होते, म्हणून मी तिला आपल्या बाजारातील हळदीच्या दरांचा तक्ता मराठीत करायला सांगितले. नोटपॅडमध्ये लिहून फाइल ब्राउझरमध्ये उघडली, तर 'हळद' या तीन अक्षरांच्या जागी नऊ अगम्य चिन्हे उमटली. पोरीला वाटले, आपलेच काही चुकले. यूटीएफ-८ या, अक्षरे संगणकात आकड्यांच्या रूपात साठवण्याच्या संकेतप्रणालीत देवनागरीचे प्रत्येक अक्षर वा मात्रा तीन बाइट घेते. पानाने आपली संकेतप्रणाली सांगितली नाही आणि ब्राउझरचा अंदाज चुकला, तर त्या प्रत्येक बाइटचे वेगळे चिन्ह होते. हेडच्या, म्हणजे पानाची माहिती देणाऱ्या वरच्या भागाच्या, आरंभी मेटा टॅगमध्ये 'कॅरसेट' यूटीएफ-८ असल्याचे लिहिताच हळद जागेवर आली. ही ओळ वहीत कुठेच नव्हती.

दुसरी राहिलेली गोष्ट म्हणजे एचटीएमएल या आरंभीच्याच टॅगमध्ये भाषा सांगणाऱ्या 'लँग' या गुणधर्माला 'एमआर' हे मराठीचे मूल्य देणे. त्यामुळे अंध वाचकासाठी पान मोठ्याने वाचणाऱ्या प्रणालीला मजकूर मराठी असल्याचे कळते, आणि ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तेथे 'ल' व 'श' हिंदी वळणाचे न उमटता आपल्या वळणाचे उमटतात. तक्त्यात 'वाण', 'किमान दर', 'कमाल दर' ही शीर्षके साध्या कप्प्याच्या टीडी टॅगऐवजी शीर्षकाच्या टीएच टॅगमध्ये लिहिली, तर तीच प्रणाली प्रत्येक आकडा कोणत्या स्तंभातला तेही सांगू शकते. केवळ ठळक केलेल्या अक्षरांवरून तिला ते समजत नाही.

यासाठी नवे यंत्र किंवा जादा शुल्क लागत नाही. वर्गचालकांनी येत्या सुट्टीपासून पहिला सराव मराठी मजकुराचा ठेवावा आणि जुन्या टॅगांची पाने वहीतून काढावीत, ही विनंती आपल्या पत्रामार्फत त्यांच्यापर्यंत पोहोचावी.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
विश्रामबाग, सांगली