मुक्ता हेच नाव का

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाळाच्या नावाचा विषय निघाला की आई गप्प होते आणि बाबा पाऊसपाण्याची चौकशी करू लागतात, म्हणून लिहायला बसलो. मुलीचं नाव मुक्ता ठेवावं असं आमच्या दोघांच्या मनात आहे. पत्रिकेत मघा नक्षत्र आहे, अक्षर 'मू' आलंय. ऱ्हस्व-दीर्घाचं काय ते गुरुजी बघतील. तेवढा प्रश्न सुटला असं मी धरून चालतो.

आई, तुझी भीती मला कळते. मुक्ताई अठराव्या वर्षी गेली, तसलं आयुष्य पोरीच्या नावाला कशाला चिकटवायचं, असंच ना? तुझा हिशोब बरोबर आहे. १२७९ सालचा तिचा जन्म धरतात. १२९६ मध्ये ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली आणि वर्षभरात तापीकाठी मेहूणला वीज कडाडली, ती मुक्ताईला घेऊनच गेली असं सांगतात. पण मग ज्ञानदेव तरी कुठे म्हातारे झाले? एकविसाव्या वर्षी गेले. आपल्या गल्लीत ज्ञानेश्वर किती आहेत बघ, आणि त्यांतले कितीजण आता नातवंडं खेळवतायत तेही बघ. त्यांच्या बारशाला कोणी समाधीचं साल काढलं नसेल. मुलीच्या वेळेलाच ते का आठवावं?

मला मुक्ताई आवडते ती तिच्या बोलण्यामुळे. लोकांच्या टोमण्यांनी विटून ज्ञानदेव झोपडीचं दार लावून बसले, तेव्हा बाहेर उभी राहून 'ताटी उघडा ज्ञानेश्वरा' म्हणणारी ही घरातली शेंडेफळ. 'विश्व रागे झाले वन्ही, संत सुखे व्हावे पाणी' हे ती थोरल्या भावाला ऐकवते. गोरोबाकाकांचं थापटणं बघून हे काय आहे हो, म्हणून तिनंच विचारलं, आणि त्या थापटण्याखाली नामदेव कच्चं मडकं ठरले. नामदेवांना तो अपमान केवढा झोंबला! पण विसोबा खेचरांना गुरू करायला ते गेले ते त्यानंतरच. चांगदेवांचं कोरं पत्र आलं, तेव्हा चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला, हेही तिचंच. पत्राचं उत्तर ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांत दिलं, पण चांगदेव शिष्य झाले ते मुक्ताईचे. आपल्या घरात तोंडावर खरं बोलणाऱ्या पोरीला आगाऊ म्हणतात, ताईला विचारा. मला एक आगाऊ पोरगी चालेल.

बाबा, तुमची अडचण वेगळी. नाव जुनाट आहे, मायरा-कियाराच्या वर्गात ही एकटी पडेल, असं तुम्ही म्हणालात. तुमच्या पिढीला मुक्ताबाई म्हटलं की नऊवारीतली म्हातारी दिसते, आमच्या पिढीला मुक्ता बर्वे दिसते. मधल्या काळात शहरात नुसतं 'बाई' गळलं, नाव तेच राहिलं. त्याची कधी लाट आली नाही. एका वर्गात चार आर्या असतात तशा चार मुक्ता मी कुठे पाहिल्या नाहीत, आणि मला ते बरंच वाटतं. अर्थ विचाराल तर मोती. 'कंठी झळके माळ मुक्ताफळांची' हे तुम्ही दर गणपतीत सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणता. मोकळी झालेली, हाही अर्थ आहेच. आम्हाला दोन्ही पसंत आहेत.

आणखी एक मुक्ता सांगतो. पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेली मुक्ता साळवे, मांग समाजातली, चौदा वर्षांची पोर. १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये तिचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध छापून आला. वेद आम्ही वाचायचे नाहीत, तर मग आमचा धर्म कोणता, असा रोकडा सवाल तिनं त्यात केलाय. चौदाव्या वर्षी मी काय लिहीत होतो ते तुम्हाला माहीत आहे, माझ्या वह्या माळ्यावर पडल्यात.

आणि भुसावळकरांनी तरी हे नाव परकं मानू नये. बाबा अजून एदलाबादच म्हणतात, पण तालुक्याचं नाव मुक्ताईनगर होऊन काळ लोटला. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचं देऊळ, कोथळीला मुक्ताईचं जुनं देऊळ, सगळं आपल्या अंगणातलं. कोथळीहून निघणारी मुक्ताईची पालखी महिनाभर चालून पंढरपूर गाठते. वाटेत बीडला ती आजोबा गोविंदपंतांच्या समाधीपाशी जाते. आजोबा-नातीची भेट म्हणतात तिला. बाबा, हे मुद्दाम तुमच्यासाठी लिहिलंय.

बारसं नाशिकलाच, सासरेबुवांच्या घरी. कानात कुर्र ताई करेल. आई, तुझ्या भजनी मंडळाच्या वहीत मुक्ताईचा पाळणा आहे, 'निर्गुणाचे डहाळी पाळणा लाविला'. चौदाशे वर्षांच्या चांगदेवाला तान्हं करून झोपवणारा. तो तू म्हण, इथे कोणाला त्याची चाल येत नाही. वही विसरू नकोस. बाबा, घुगऱ्यांसाठी हरभरे भुसावळहून वाहून आणू नका, नाशिकला मिळतात. पेढ्यांच्या डब्यांवर नाव छापायचं आहे आणि दुकानदार गुरुवारपर्यंत थांबेन म्हणालाय, तेव्हा हो-नाही काय ते बुधवारी ताईला कळवा.

तुमचा,
नितीन