साइडकारचा रंग नंतर, आधी मापे

महोदय,

ऐतिहासिक रेसिंग साइडकारवरील (मोटारसायकलच्या बाजूला जोडलेल्या एकचाकी गाडीवरील) आपल्या पुरवणीतला लेख वाचला. रंग, क्रोम आणि टाकीवरची अक्षरे यांवर त्यात भरपूर लिहिले आहे. पण गाडी सरळ कशामुळे धावते, यावर एक ओळही नाही. उलट 'चार बोल्ट आवळले की साइडकार जोडली' असे वाक्य आहे. ते वाचून कोणी खरोखर तसे केले, तर साइडकारवरच्या जोडीदाराच्या जिवावर बेतेल.

जोडणीआधी तिन्ही टायरांत ठरलेली हवा भरून गाडी सपाट फरशीवर घ्यावी आणि स्वार व जोडीदार यांच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या त्यांच्या जागी ठेवाव्यात. मोटारसायकलच्या दोन्ही चाकांना एक सरळ पट्टी लावायची, साइडकारच्या चाकाला दुसरी. दोन पट्ट्यांमधले अंतर मागच्यापेक्षा पुढे साधारण 10 ते 20 मिमी कमी हवे. मागचा टायर रुंद असेल तर पट्टी पुढच्या टायरला टेकवू नये. रुंदीतल्या फरकाच्या निम्मी फट तिथे सोडावी. बहुतेकांचे माप इथेच चुकते. मग मोटारसायकल आणि साइडकार यांना जोडणाऱ्या वरच्या दोन दांड्या फिरवून मोटारसायकल साइडकारपासून बाहेर अंशभर कलती ठेवावी. ही मापे कमी पडली की गाडी सतत साइडकारकडे ओढते. पट्ट्यांमधला फरक जास्त झाला की टायर घासून संपतो.

ही गाडी वळणावर झुकत नाही, त्यामुळे चाकांवर आडवा भार येतो आणि दुचाकीचे बारीक स्पोक तुटतात. हँडलही जड होते. म्हणून लीडिंग-लिंक फोर्क (पुढचे चाक छोट्या पुढे आलेल्या दांड्यांवर धरणारा चिमटा) लावून ट्रेल, म्हणजे हँडलच्या अक्षाची रेघ जमिनीला जिथे टेकते तिथून टायर टेकण्याच्या जागेपर्यंतचे अंतर, कमी करतात. पण ट्रेल कमी केला की हळू वेगात हँडल थरथरते, तेव्हा ती थरथर शमवणारा स्टिअरिंग डँपर हवाच.

सर्वांत मोठी चूक फ्रेममध्ये होते. रेनॉल्ड्स 531 या मिश्र पोलादाच्या नळ्या मुळात पितळी झाळेने (वितळवलेल्या पितळाच्या सांध्याने) जोडलेल्या असतात. त्या जुन्या झाळेवर कधीही वेल्डिंग करू नये. वितळलेले पितळ पोलादाच्या कणांमध्ये शिरते आणि रंगाखाली न दिसणारी चीर तयार होते. झाळ पूर्ण काढून, नळी उघडी करून, तिथे पुन्हा झाळच द्यावी. फोर्कच्या कडक पोलादी पिनांना क्रोम दिलेच, तर लगेच 190 ते 220 अंश सेल्सिअसला काही तास भाजावे लागते. नाहीतर क्रोम देताना पोलादात मुरलेल्या हायड्रोजनमुळे पीन अचानक तुटते.

गाडी कोणत्या काळातली, हेही तपासावे. 1949 मध्ये एरिक ऑलिव्हर आणि डेनिस जेंकिन्सन यांनी साइडकार शर्यतींचे पहिले जागतिक अजिंक्यपद नॉर्टन मोटारसायकलवर मिळवले, तेव्हा स्वार बसूनच चालवत असे. बीएमडब्ल्यूच्या स्वारांनी 1954 ते 1974 मधील 21 पैकी 19 अजिंक्यपदे जिंकली. त्यातल्या साठच्या दशकातल्या गाड्यांवर स्वार गुडघ्यांवर असे. पहिल्या काळातल्या गाडीला नंतरची बैठक लावून तिला ऐतिहासिक म्हणणे खोटे आहे.

पुढच्या लेखात पट्ट्या लावून माप घेण्याची आकृती छापावी, ही विनंती.

— जुन्या रेसिंग साइडकार बांधणारा एक वाचक