तक्त्यात ‘कशावरून?’ हा रकाना घालून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे उघडं पत्र. नाशिकात आणखी कोणी माळ्यावरची पेटी खाली काढून ग्रामोफोनच्या तबकड्यांची यादी करायला बसलं असेल, तर त्यांनाही उपयोगी पडेल.

आमची पहिली यादी म्हणजे एक्सेलची एक लांबलचक शीट होती. एका तबकडीला एक ओळ; गाणं, गायक, साल, कंपनी. तुम्ही ती पाहून एवढंच विचारलंत, “पाठच्या बाजूचं काय?” लाखेच्या १० इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावतात. त्यामुळे मोठा ख्याल असला तर तो दोन्ही बाजूंवर तुटतो, नाहीतर दोन बाजूंना दोन वेगळे गायकही सापडतात. कॅटलॉग नंबर सहसा अख्ख्या तबकडीचा असतो आणि मॅट्रिक्स नंबर त्या एका बाजूच्या ध्वनिमुद्रणाचा (पुढे नुसतं ‘मुद्रण’). म्हणून तुम्ही एका शीटचे चार तक्ते केलेत: मुद्रण, बाजू, प्रकाशन आणि प्रत. तेच गाणं पुढे एलपीवर, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या विनाइलच्या तबकडीवर आलं, तर मुद्रण एकच राहतं, प्रकाशनं दोन होतात. तडा, कडेचा टवका, लेबलवरची बुरशी हे सगळं प्रतीच्या खात्यात जातं. ‘साफसफाई कशाने केली’ हा रकानाही तिथेच. विनाइलवर जे चालतं ते लाखेवर चालत नाही. स्पिरिट लावलं की लाख विरघळते आणि खाचांसकट गाणं पुसलं जातं.

मॅट्रिक्स नंबर वाचायला तुम्ही शिकवलंत. लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर टॉर्च समोरून न मारता अगदी आडवा धरायचा, तबकडी हळूहळू फिरवायची, की कोरलेले आकडे सावली टाकून वर येतात. ‘ओ’ आणि शून्य यांत शंका आली तर जसं दिसतं तसं लिहायचं आणि शेरा टाकायचा. सुधारून लिहायचं नाही.

खरी किल्ली ती हीच. लेबलवर काय छापलंय ते एका रकान्यात आणि आपल्याला काय माहीत आहे ते दुसऱ्यात, त्याच्या शेजारी ‘कशावरून?’. १९४९ च्या ‘महल’मधल्या ‘आएगा आनेवाला’च्या मूळ तबकडीवर गायिकेचं नाव ‘कामिनी’ आहे. ते पात्राचं नाव, आवाज लता मंगेशकरांचा. एकच रकाना असता तर एक तर छापील पुरावा गेला असता, नाहीतर लताबाई शोधूनही सापडल्या नसत्या. संगीतकार ‘आनंदघन’ म्हणजेही त्याच, हे किती जणांच्या यादीत जोडलेलं असतं?

शास्त्रीय गायक पलुस्कर पिता-पुत्रांचा घोळ तर नाशिककरांनी करूच नये असा. वडील विष्णु दिगंबर, म्हणजे व्ही. डी.; मुलगा दत्तात्रेय विष्णु, म्हणजे डी. व्ही., जन्म इथलाच. आद्याक्षरं उलटी पडली की मुलाचं गाणं वडिलांच्या नावावर चढतं. नावापुढे १८७२–१९३१ आणि १९२१–१९५५ ही सालं घातल्यापासून ही चूक बंद झाली. ‘गायक १, गायक २’ असे रकानेही तुम्ही काढून टाकायला लावलेत. व्यक्ती, मुद्रण आणि भूमिका यांचा जोडतक्ता केला, त्यामुळे तबल्याच्या साथीलाही हक्काची जागा मिळाली.

सालाबद्दल आम्ही अडून बसलो होतो. ‘१९३५?’ असं प्रश्नचिन्ह टाकलं की तो मजकूर होतो आणि क्रम बिघडतो. आता ‘किमान साल’ आणि ‘कमाल साल’ असे दोन आकडे आणि पुढे आधार: लेबल, सूचीपुस्तिका, जाहिरात, की नुसता अंदाज. मुद्रणाचं साल वेगळं, प्रकाशनाचं वेगळं, नाहीतर डी. व्हीं.च्या नंतर निघालेल्या एलपीवरून ते गेल्यावरही गात होते असं निघतं.

वेगाचा रकाना आम्हाला फालतू वाटला होता. ७८ (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) म्हटल्या जाणाऱ्या जुन्या तबकड्या सगळ्याच ७८ वर मुद्रित नसतात. ७४ ची तबकडी ७८ वर वाजवली की वेग साडेपाच टक्क्यांच्या आसपास चढतो, म्हणजे जवळजवळ अर्धा स्वर. हार्मोनियमच्या काळी एक पट्टीतला गायक पांढरी दोनमध्ये गायला लागतो! म्हणून ‘वाजवलेला वेग’, ‘ऐकू आलेली पट्टी’ आणि ‘वापरलेली सुई’ हे तिन्ही रकाने ठेवले, ते मुद्रणाला नाही तर त्या संगणकीय फाइलला जोडून.

आता किरकोळ वाटणारं, पण आठवडे खाणारं. एक्सेलमध्ये भाग १/२ लिहिला की तो १ फेब्रुवारी होतो आणि नंबरातली सुरुवातीची शून्यं गळतात. म्हणून रकाना आधीच ‘मजकूर’ करून ठेवायचा. ‘दुसऱ्या’ शोधलं तर निम्म्याच नोंदी यायच्या. कारण ‘ऱ’ कोणी एका अक्षराने टाइप केलेला, कोणी ‘र’खाली नुक्ता देऊन, कोणी र, हलन्त आणि न दिसणारा जोडक वापरून. पहिले दोन एनएफसी (युनिकोडची अक्षरं एकाच ठरावीक रूपात आणणं) केल्यावर एक होतात, तिसरा होत नाही. त्याला वेगळी अदलाबदल लिहावी लागते. ही गोष्ट तुम्ही सांगितली नसती तर आम्ही दोष शोधयंत्रालाच देत बसलो असतो. एमपीथ्रीच्या जुन्या आयडीथ्री टॅगमध्ये, म्हणजे फाइलच्या आतच नाव-गायक लिहिण्याच्या जागेत, शीर्षकाला ३० बाइटच असतात आणि देवनागरी धड बसत नाही, म्हणून नाव फाइलच्या पोटात नाही, तक्त्यात.

एक मतभेद मात्र अजून आहे. बंदिशीला शीर्षक नसतं, म्हणून तुम्ही ‘मुखडा’ हा रकाना ठेवलात ते पटलं. पण ‘राग’ एकच नाव मावेल असा ठेवू नका असं आमचं म्हणणं. लेबलवर एक राग छापलेला आणि कानाला दुसरा, असंही होतं, आणि तिथे तुमचाच नियम लागू पडतो.

तुमचं भिंग आमच्याकडेच राहिलंय. बुधवारी बाजाराला गंगेवर (म्हणजे गोदावरीवर) याल तेव्हा आणून देतो. १२ इंचींचा गठ्ठाही सोबत आणतो, त्यातल्या दोन तबकड्यांचा मॅट्रिक्स नंबर आमच्याच्याने वाचवत नाही.

आपले,
तबकड्यांची नोंद करणारे, नाशिक