नगरसेवक नसलेल्या गावातून

संपादक महोदय,

स.न.वि.वि. अमेरिकेच्या राजधानीतल्या, म्हणजे वॉशिंग्टन डीसीच्या लोकांवरचा कालचा अग्रलेख वाचला. जवळपास सात लाख माणसं कर भरतात आणि संसदेत त्यांच्या बाजूनं हात वर करणारं कोणी नाही, म्हणून आपला जीव कासावीस झालेला दिसला. आपल्या दिल्लीतून निदान 7 खासदार लोकसभेत जातात, हेही आपण सांगितलंत. आभारी आहे.

पण 'राजधानीला मताधिकारच नाही' हे आपलं शीर्षक चुकीचं आहे. 1961 च्या तेविसाव्या घटनादुरुस्तीनंतर हे लोक 1964 पासून अध्यक्षपदासाठी मत देतात. सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या वरच्या सभागृहात, त्यांचं कोणी नाही, हे खरं. खालच्या प्रतिनिधिगृहात एक प्रतिनिधी असतो, त्याला समितीत मत आहे, पण विधेयक शेवटच्या मतदानाला आलं की नाही. एलिनॉर होम्स नॉर्टन बाई 1991 पासून त्याच खुर्चीवर. सोयरिकीच्या बैठकीला मानानं बोलवायचं आणि यादीवर सह्या करायची वेळ आली की 'जरा चहाचं बघा' म्हणून आत पाठवायचं, तसला प्रकार.

तरी महापौर आणि 13 जणांची परिषद ते 1974 पासून स्वतः निवडतात. आमच्या नगरपालिकेची मुदत डिसेंबर 2021 ला संपली आणि डिसेंबर 2025 मध्ये निवडणूक होईपर्यंत प्रशासक होता. (गावाचं नाव लिहीत नाही, नळाचं काम अजून पडतं.)

2023 च्या उन्हाळ्यात आईच्या नावावरचा नळ माझ्या नावावर करायला गेलो. खिडकीतला पोरगा म्हणाला, "मामा, वॉर्डाच्या नगरसेवकाचं पत्र लावा."

म्हटलं, "बाबा, गावात नगरसेवकच नाही."

"ते आम्हाला बी माहीत आहे. पण फॉर्मवर छापलंय ना."

शेवटी माजी नगरसेवकांच्या घरी गेलो. त्यांच्याकडं जुनंच लेटरपॅड. त्यांनी स्वतःच्या पदाआधी निळ्या पेनानं बारीक अक्षरात 'माजी' लिहिलं, सही केली, वर म्हणाले, "चालतंय, सगळे असंच नेतेत." ते पत्र घेऊन खिडकीवर गेलो, तर 'माजी' चालत नाही म्हणून परत. तिसऱ्या खेपेला मी त्यांच्याकडून 'माजी' न लिहिलेलं पत्र आणलं. लगेच शिक्का बसला. म्हणजे जो माणूस पदावर नाही, तो आहे असं कागदावर दाखवलं तेव्हा माझं काम झालं. त्या नळाला पाणी आठव्या दिवशी येतं, ते वेगळं.

घरपट्टीची नोटीस मात्र या चार वर्षांत एकदाही चुकली नाही. थकली की महिन्याला 2 टक्के शास्ती. प्रतिनिधी नाही तर कर कसला, हे वॉशिंग्टनचे लोक 2000 सालापासून गाड्यांच्या नंबरप्लेटवर लिहून हिंडतात. आम्ही असं काही लिहिलं तर आरटीओवाला चौकात पावती फाडेल.

आणि विषय निघालाच आहे म्हणून. आमच्या मागास भागाला निधीचा वाटा नीट मिळतो का हे बघणाऱ्या मराठवाडा वैधानिक विकास मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. त्यावर आपला अग्रलेख माझ्या वाचनात नाही. आला असेल तर कात्रण पाठवा, पोस्टाचा खर्च मी देतो. अंक आमच्याकडं साडेदहाच्या एसटीनं येतो, कधी कधी जिल्ह्याचं पान गायब असतं. त्याच दिवशी तो अग्रलेख आला असेल.

आपला,
वर्गणी वेळेवर भरणारा एक वाचक